लॉ सीईटी यंदा द्यायची की पुढच्या वर्षी? उद्योग भवनाजवळच्या अभ्यासिकेतले माझे सहा महिने

लातूरच्या उद्योग भवन परिसरात ट्यूशनच्या पाट्यांची एवढी गर्दी आहे की ही अभ्यासिका पहिल्या चकरेत दिसत नाही. खाली झेरॉक्सचं दुकान, बाजूला पोह्यांचा गाडा, मधून एकच माणूस जाईल असा जिना. वर गेलं की डाव्या हाताला मुलांचा हॉल, उजव्या हाताला मुलींचा. मुलींच्या हॉलमध्ये ३८ केबिन आहेत. नोव्हेंबर २०२४ ते एप्रिल २०२५ मी तिथं २७ नंबरला बसले. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी द्यायची होती, आणि मार्च संपता संपता ती पुढच्या वर्षावर ढकलायचं मी जवळजवळ नक्की केलं होतं. ढकलली नाही, त्यात या अभ्यासिकेचा वाटा मोठा आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

मी ३२ वर्षांची आहे. माहेर औसा तालुक्यातलं, बी.ए. नांदेडच्या विद्यापीठाचं, लेक दुसरीत. नऊ वर्षं कोर्टाच्या आवारात टायपिंग करते. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नोटिसा, वाटणीपत्रं. वकील सांगतात, मी टाइप करते. सांगतानाच कळतं कुठला मुद्दा लंगडा आहे, पण बोलायचा अधिकार आपला नसतो. तो अधिकार हवा म्हणून हा सगळा खटाटोप.

अभ्यासिकेची फी महिन्याला ८०० रुपये, लॉकरचे ५० वेगळे, अनामत ३००. सकाळी ६ ला उघडते, मुलींचा हॉल रात्री साडेनऊला बंद होतो. मी पहाटे घरचं आवरून ६ ते ९ बसायचे आणि कोर्ट सुटल्यावर परत ६ ते ८. प्रत्येक केबिनला स्वतंत्र लाइट आणि प्लग आहे. लाइट डोक्याच्या मागून नाही तर डाव्या बाजूने येतो, म्हणजे लिहिताना हाताची सावली वहीवर पडत नाही. ज्याने हे बसवून घेतलं त्याने स्वतः कधीतरी रात्र रात्र लिहिलेलं असणार, असं मला पहिल्याच दिवशी वाटलं. मालक निवृत्त मुख्याध्यापक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. दाराशी खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीची वेळ वहीत मांडतात.

हॉलमध्ये बहुतेक मुली डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे ‘नीट’च्या. सतरा-अठरा वर्षांच्या, डोळ्याखाली काळं, डब्यात चपाती-भाजीचा रोल. त्यांतल्या निम्म्याअधिक रिपीटर, म्हणजे वर्ष थांबून परत परीक्षेला बसणाऱ्या. लातूरमध्ये ‘ड्रॉप घेतला’ हे वाक्य ‘सर्दी झाली’ इतक्या सहज बोललं जातं. मी हे त्या मुलींना नावं ठेवायला सांगत नाही, त्यांची मेहनत मी डोळ्यांनी पाहिली आहे. पण या हवेत राहिलं की वर्ष पुढं ढकलणं ही फार छोटी गोष्ट वाटायला लागते. आपणही एक वर्ष घ्यावं, नीट तयारी करावी, असं मनात येतं. अठराव्या वर्षी त्याची किंमत वेगळी आणि बत्तिसाव्या वर्षी वेगळी. कोर्स तीन वर्षांचा, त्यानंतर वकिलीची सनद, मग बार कौन्सिलची परीक्षा. आज ढकललेलं एक वर्ष त्या सगळ्याच्या मागे जाऊन उभं राहतं.

आता माझ्यावर ही वेळ का आली ते. ऑक्टोबरमध्ये मी याच परिसरातला एक क्लास लावला होता. नाव घेत नाही. फी एकरकमी भरली, तीन जाड पुस्तकं मिळाली. घरी येऊन फौजदारी कायद्याचं प्रकरण उघडलं तर सगळी कलमं भारतीय दंड संहितेची. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झालेली. मी रोज कोर्टात खुनाला ३०२ च्या जागी १०३ टाइप करत होते, फसवणुकीला ४२० च्या जागी ३१८, चोरीला ३७९ च्या जागी ३०३. सुरुवातीला बोटं सवयीने जुन्या आकड्यावर जायची आणि वकीलसाहेब ओरडायचे. जुन्या संहितेत ५११ कलमं होती, नव्या संहितेत ३५८ आहेत. आणि क्लासच्या पुस्तकात अजून जुनीच उजळणी. विचारलं तर ‘ॲप्टिट्यूडला कलम नंबर लागत नाही’ असं उत्तर मिळालं. ते काही अंशी खरंही आहे, पण पाचशे पानांत एकदाही ‘न्याय संहिता’ हा शब्द नसावा हे मला पटलं नाही. पुढे मी क्लासला जायचं कमी केलं आणि अभ्यासिकेतच बसू लागले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई न्हाणीत पडल्या. मी त्यांना आत्या म्हणते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पाच आठवडे मी पुस्तकाला हात लावला नाही. मिस्टर रात्रपाळीला, लेकीची शाळा, आणि आत्यांना कुशीवर वळवायलाही माणूस लागायचा. अभ्यासिकेत निरोप पाठवला की मी येऊ शकत नाही, सीट दुसऱ्या कुणाला द्या. सरांनी उलट निरोप दिला, ‘केबिन राहू द्या, जेवढे दिवस येणार नाहीत तेवढ्यांची फी लागणार नाही.’ भर हंगामात, बाहेर मुली वेटिंगला उभ्या असताना २७ नंबर पाच आठवडे रिकामा राहिला. परत आले तेव्हा टेबलावर धूळसुद्धा नव्हती.

मार्चच्या मध्यात परत बसले आणि पहिल्याच दिवशी हातपाय गळाले. परीक्षेला सहा-सात आठवडे. चालू घडामोडींचे पाच आठवडे कोरे. क्लासमध्ये जाऊन विचारलं, आता काय करू? तिथल्या काउन्सेलर मॅडमनी एका मिनिटात सांगितलं, ‘यंदा राहू द्या, पुढच्या वर्षीची बॅच घ्या, तुम्हाला ३० टक्के सवलत देते.’ रडत घरी आले. आत्या पलंगावरून म्हणाल्या, ‘कामून रडायलीस? माझं हाड बसलंय आता. पेपर दे की.’ त्यांना पेपर म्हणजे काय, किती, काही ठाऊक नव्हतं. पण दोन सल्ल्यांतला फरक मला त्या रात्री जाणवला. एकीला माझ्या थांबण्यातून फी मिळणार होती.

दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं. मला वाटलं ते ‘द्या, घाबरू नका’ म्हणतील. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, ‘ताई, हे मी सांगायचं नाही आणि तुमच्या भीतीनेही सांगायचं नाही. तीन रविवार घ्या. तीन पेपर सोडवा. मग चौथ्या रविवारी बोलू.’

या अभ्यासिकेची खरी चीज इथं आहे. मागच्या खोलीत सहा कॉम्प्युटर आहेत. जुने आहेत, पण दर रविवारी सकाळी त्यावर सीईटीसारखा पेपर लावतात, ४० रुपयांत. १२० प्रश्न, १२० मिनिटं, पडद्याच्या कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. तीन वर्षांच्या पेपरला कायदा २४, सामान्य ज्ञान ३२, तर्क २४ आणि इंग्रजी ४० असे प्रश्न असतात, तशीच वाटणी. वेळ संपली की पडदा बंद. पाणी प्यायला उठलं तरी घड्याळ थांबत नाही. नंतर सर एक कोरी वही देतात आणि गेलेला प्रत्येक गुण तीनपैकी एका रकान्यात लिहायला सांगतात: आलं नाही, येत होतं पण घाई झाली, पोचलेच नाही.

पहिला पेपर ३० मार्चला दिला. ५२ बरोबर. त्या आकड्याकडे बघून मी बॅग भरायला लागले. सर म्हणाले, वही भरल्याशिवाय जायचं नाही. भरली. गेलेले गुण ६८. त्यातले ३२ ‘पोचलेच नाही’, आणि ते सगळेच्या सगळे इंग्रजीचे, कारण इंग्रजीची भीती म्हणून मी ते शेवटी ठेवलं होतं. ११ घाईचे. खरोखर आलं नाही असे फक्त २५, आणि त्यातले १७ सामान्य ज्ञानाचे.

ही वही माझ्यासमोर ठेवून सरांनी जे समजावलं ते मी आजही तसंच्या तसं सांगू शकते. पुढच्या वर्षी परीक्षा दिली तर या ६८ मधले कुठले गुण वर्षभर थांबल्यामुळे मिळतील? वेळ न पुरल्याचे ३२ आणि घाईचे ११ हे सरावाचे, त्यांना चार आठवडे बास, वर्ष लागत नाही. सामान्य ज्ञानाच्या १७ मधला बराच भाग चालू घडामोडींचा. तो पुढच्या वर्षी बदलणार, म्हणजे यंदा जे वाचलं तेही शिळं होणार. राहिले आठ प्रश्न. त्या आठ प्रश्नांसाठी एक वर्ष द्यायचं का? हेच रकाने उलटे असते, पन्नास गुण ‘आलं नाही’मध्ये गेले असते, तर थांबणंच शहाणपणाचं ठरलं असतं, असंही ते म्हणाले.

त्यांनी आणखी दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या, ज्या माझ्या डोक्यात एक झाल्या होत्या. परीक्षा देणं वेगळं आणि प्रवेश घेणं वेगळं. आपल्या सीईटीत तारीख आपल्या सोयीने पुढं सरकवता येत नाही. गेलं नाही तर फॉर्मची फी जाते आणि हातात काहीच राहत नाही. गेलं आणि गुण कमी पडले, तर प्रवेश घेऊ नये, पुढच्या वर्षी परत बसावं. किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, वयाचीही अट आड येत नाही. शिवाय या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. आमच्या हॉलमधल्या नीटच्या मुलींना बरोबर उत्तराला चार मिळतात आणि चुकीला एक जातो, म्हणून त्या शंका आली की प्रश्न सोडतात. त्यांच्यात बसून बसून मीही सोडायला शिकले होते. ती सवय माझ्या परीक्षेला घातक होती. हे सहा महिन्यांत मला क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा रविवार. इंग्रजी आधी घेतलं. ६१ बरोबर, ४५ चूक, १४ प्रश्नांपर्यंत पोचलेच नाही. या पेपरमधला एक प्रश्न मला कायम लक्षात राहील. सोळा वर्षांच्या मुलाने सावकाराला घर गहाण लिहून दिलं, तो करार कसा? पर्यायांत ‘शून्य’ही होता, म्हणजे मुळातच न झालेला, आणि ‘शून्यकरणीय’ही, म्हणजे नंतर रद्द करता येणारा. मला हे पाठ होतं. मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३, इंग्रजांच्या काळातल्या सगळ्यांत वरच्या कोर्टाने, प्रिव्ही कौन्सिलने, सांगितलं की अज्ञानाचा, म्हणजे वयात न आलेल्याचा, करार सुरुवातीपासूनच शून्य. अशी गहाणखतं मी टाइप केली आहेत. तरी बोट ‘शून्यकरणीय’वर गेलं, कारण लांब शब्द दिसला की तो जास्त कायदेशीर वाटतो. दुसऱ्या रकान्यात लिहिताना स्वतःचा राग आला. त्या दिवसापासून मी पर्याय शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायला लागले. तोंडातल्या तोंडात, ओठ हलवून.

तिसरा रविवार १३ एप्रिल. ७४ बरोबर, आणि पहिल्यांदाच १२० प्रश्नांपैकी एकही कोरा नाही. चौथ्या रविवारी बोलायचं ठरलं होतं, पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. हॉल तिकीट डाउनलोड केलं की खालच्या दुकानात प्रिंट काढा, रंगीत काढा, फोटो स्पष्ट दिसला पाहिजे, एवढंच सर म्हणाले.

हे वाचून कुणी असं समजू नये की तिथं सगळ्यांनाच बसायला लावतात. २८ नंबरला निलंग्याची एक ताई होती, माझ्यासारखीच लग्न झालेली, अभ्यासात माझ्याहून किती तरी पुढे. रविवारच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव पेपरात, नव्वदच्या वर जायची. तिला सातवा महिना होता आणि परीक्षेच्या सुमारालाच दिवस भरत होते. ती हट्टाला पेटली होती की द्यायचीच. तिला सरांनी आणि त्यांच्या मिसेसनी बसवून सांगितलं की यंदा थांब. तिची पुढची दोन महिन्यांची भरलेली फी परत केली. तिची वही बघायची गरजही नव्हती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिला मुलगी झाली. आता ती परत येते, २८ नंबरलाच बसते, बाळाला आजीकडे ठेवून दोन तास.

उणिवाही लिहिते, कारण फी भरून जाणाऱ्याला त्या माहीत पाहिजेत. एप्रिलमध्ये पाण्याचे हाल होतात. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर आहे, उन्हाळ्यात टँकरची वाट सगळेच बघतात, ते समजून घेता येतं. पण मुलींच्या बाथरूमची कडी तीन आठवडे तुटलेली होती, ते समजून घेता येत नाही. आम्ही एकमेकींना दाराशी उभं करायचो. तक्रार वहीत चार वेळा लिहिलं तेव्हा बसवली. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखे चालतात, कूलर चालत नाहीत. दुपारी बसणाऱ्यांना एप्रिलमध्ये ते फार जड जातं, मी सकाळ-संध्याकाळची म्हणून निभावलं. लग्नसराईत समोरच्या मंगल कार्यालयाचा डीजे रात्री दहापर्यंत छातीत धडधडतो. खिडक्या बंद केल्या तर उकाडा, उघडल्या तर बँड. कानात कापसाचे बोळे घालून मी अपकृत्य कायद्यातला उपद्रव हा विषय वाचलेला आहे.

कॉम्प्युटरपैकी चार नंबरचा घेऊ नका, त्याच्या माउसचं क्लिक अडकतं आणि एका प्रश्नाची दोन उत्तरं लागतात. आणि मॉक पेपरचं मराठी फार वाईट होतं. सीईटीचा पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत दिसतो, इंग्रजीचा विभाग सोडून. पण अभ्यासिकेने कुठून तरी आणलेल्या पेपरमध्ये कन्सिडरेशनला ‘विचार’ असं छापलेलं होतं. करारात कन्सिडरेशन म्हणजे प्रतिफल, देण्याघेण्याचा मोबदला. प्रतिफलाशिवाय केलेला करार काही अपवाद सोडले तर शून्य, हा करार कायद्याच्या कलम २५ चा साधा नियम. तिथं ‘विचाराशिवाय केलेला करार’ असं वाचल्यावर मराठीतून शिकलेल्या पोरीने काय समजायचं? मी इंग्रजी वाक्य बघून सुटले. जी सुटणार नाही तिचा तो गुण ‘आलं नाही’च्या रकान्यात जाईल आणि वही खोटं बोलेल. सगळा निर्णय ज्या वहीवर उभा आहे तिचा पेपरच चुकीचा असेल तर काय उपयोग, हे मी सरांना स्पष्ट बोलले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा झाली. त्याच आठवड्यात, ४ मेला, हॉलमधल्या पोरींची नीट. त्या दिवसांत अभ्यासिकेत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. केंद्रावर माझे १२० प्रश्न वेळेत झाले, शेवटची सहा मिनिटं परत बघायलाही मिळाली. निकालानंतर केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, दुसऱ्या फेरीत लातूरमध्येच प्रवेश मिळाला. वर्गात मी सगळ्यांत मोठी नाही, पन्नाशीचे एक काका पण आहेत. हजेरी ७० टक्के लागते, म्हणून टायपिंग आता दुपारनंतर करते. पैसे कमी येतात, ते गृहीत धरलं होतं.

जूनमध्ये लॉकरची चावी द्यायला गेले. अनामतीचे ३०० रुपये मोजून मिळाले. सरांनी मॉक पेपरांचा गठ्ठा पुढं केला आणि म्हणाले, ‘तुम्ही बोललात ना, मग दुरुस्त करून द्या.’ तेव्हापासून रविवारी मी ते नव्याने टाइप करते. पानामागे टायपिंगचा जो दर कोर्टात आहे तोच ते देतात, हे इथं सांगितलेलं बरं. ‘विचार’ काढून ‘प्रतिफल’ केलं, दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली, आणि अज्ञानाच्या गहाणखताचा तो प्रश्न तसाच ठेवला, दोन्ही पर्यायांसकट. चार पेपर झाले आहेत. पाचवा टाइप करते आहे. २७ नंबरला सध्या उदगीरची एक मुलगी बसते, तिने परवाच पहिला पेपर दिला.